कॅल्विनच्या उशाशी रचलेली चाल

मेम्फिस, ३ मे १९६६

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तीन पत्रांना उत्तर नाही, म्हणजे माझी रेकॉर्ड तुझ्या कानावर गेलेली दिसते. हो, चाल तुझीच आहे, इस्त्री करताना गुणगुणायचीस ती. तुझ्या ‘देवा, जाऊ नको’च्या जागी मी ‘साजणा’ म्हटलं. इथे सगळे असंच करतात; रविवारी चर्चमध्ये शिकायचं आणि शनिवारी नाचघरात गायचं. पण तुला विचारलं नाही, ते टोचतं.

चार जूनला तुमच्या बाजूला गाणार आहे. घरी येऊ का? नको म्हणालीस तर गाडी सरळ पुढे नेईन. मक्याच्या पावाची मात्र फार आठवण येते. इथले लोक त्यात साखर घालतात, देव त्यांना क्षमा करो.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझी आर्डेला

पाइन क्रॉसिंग, अलाबामा, १५ मे

चि. आर्डेलास,
अ. उ. आ.

रविवारी पाद्रीबाबांनी भर चर्चमध्ये मला सांगितलं, की लेकीने देवाचं गाणं बाजारात नेलं, ते पाप झालं असं उभं राहून म्हणा, नाहीतर चर्चमधल्या मानाच्या वडीलधाऱ्या बायकांचा, मातांचा, पहिला बाक सोडा. मी उभी राहिले. म्हटलं, गाणं देवाचं नव्हतंच. माझा लेक कॅल्विन न्यूमोनियाने अकरा दिवस पडून होता, तेव्हा त्याच्या उशाशी रचलं. तेव्हा तिथे ‘बाळा’ होतं. तो गेल्यावर ते म्हणवेना, म्हणून ‘देवा’ घातलं. मग मातांची ती पांढरी टोपी काढली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. एकोणीस वर्षांनी पहिला बाक सुटला.

तुझा राग आहे, तो आहेच. विचारलं असतंस तर रडले असते, आणि दिलं असतं. एक सांग, तिसऱ्या ओळीत मध्येच का थांबतेस? मी थांबायची, कारण तिथे त्याला खोकल्याची उबळ यायची.

चार तारखेला ये. पाव तव्यात असेल, बिनसाखरेचा.

आईचे आशीर्वाद पाठीशी आहेतच.
व्हर्लीन

मेम्फिस, २० मे

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तो गेला तेव्हा मी चार वर्षांची. खोकला आठवत नाही, तुझं थांबणं आठवतं. स्टुडिओचे मालक म्हणाले होते, तिथे रिकामं वाटतं, सलग गा. मी हट्टाने थांबले. का, ते मलाही सांगता आलं नव्हतं.

काल तुझं पत्र वाचून सरावाला गेले. तिसऱ्या ओळीत थांबले आणि पुढे जाता येईना. वाजवणारे वाट पाहत राहिले.

येते. तोवर माया असू दे.
तुझी आर्डेला