विमानाचे चौदा तास

दिनांक ६, शुक्रवार, सकाळ

चि. कन्येस अनेक उत्तम आशीर्वाद.

मी, तुझा बाप, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, जमीन मोजणीत एकतीस वर्षे साखळी धरण्याचे काम केलेला, पूर्ण शुद्धीवर राहून लिहून देतो की येथे सर्व क्षेम आहे. मोरीचा नळ दुरुस्त झाला. डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. एवढे लिहीपर्यंत तीन वेळा उठून फाटकापर्यंत जाऊन आलो. त्याचा डोळ्याशी संबंध नाही.

सोमवारी विमानाच्या तिकिटांच्या कचेरीत सहज गेलो होतो. सहज हा शब्द बरोबर नाही. त्याआधीचे तीन सोमवार दारावरून परतलो होतो.

तेथील मुलीला तुझ्या शहराचे अंतर विचारले. म्हणाली, "बारा हजार तीनशे किलोमीटर. इथून सकाळी नऊला बसा आजोबा, तिथे दुपारी एकला उतराल."

"चार तासांत? मला अडाणी समजता काय?"

"अहो, तास चौदाच लागतात. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साधारण दहा तास मागे आहे ना! येताना उलटं. तिथून रात्री नऊला निघालात, की इथे दुसऱ्या रात्रीचे नऊ."

मी उभा राहिलो. तिने पाणी दिले, ते प्यायलो नाही.

तुझी आई गेली तेव्हा तू फोनवर म्हणाली होतीस, मंगळवारी रात्री नऊचे विमान, चौदा तास. मी बोटांवर मोजले. बुधवार, सकाळचे अकरा. अकरा वाजले. एक वाजला. तुझे मामा म्हणाले, "भाऊजी, तिकडची घड्याळं वेगळी असतात म्हणे. थोडं थांबू या." मी त्यांना चारचौघांत सुनावले, "फूट तिकडेही बारा इंचांचाच असतो. यायचं असतं तर आली असती."

दोन वाजता आईला नेले.

रात्री तू बॅग घेऊन दारात उभी राहिलीस. मी विचारले, "सकाळपासून कुठे होतीस?" तू उत्तर दिले नाहीस. तुझे गप्प राहणे मी कबुली धरले, आणि चार वर्षे धरून बसलो.

घड्याळाचे मला ठाऊक नव्हते, एवढेच लिहून सही करणार होतो. ते पुरेसे नाही. कोणालाही विचारता आले असते. विचारण्यात कमीपणा वाटला. आईचा चेहरा पाहण्याचा तुझा हक्क होता. तो माझ्यामुळे गेला.

तिकीट काढलेले नाही. तू ये म्हणालीस तर काढीन. नको म्हणालीस तरी दोन ओळी लिही. कारण विचारणार नाही.

तुझा बाप

समक्ष हजर :
तुझे मामा. सर्व मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवला.
शेजारच्या शिक्षिकाबाई. त्यांच्याकडे तू तेव्हा आठ दिवस राहिलीस, आणि मी एकदाही बोलवायला आलो नाही.