काशीमावशींची वाट

४ मार्च
वळसंगच्या पुढच्या गावात गेले होते. दलित वस्तीतली प्रेतं पिढ्यानपिढ्या गावातल्या मल्लिनाथच्या शेताच्या बांधावरून स्मशानात जायची. दिवाळीनंतर त्याने तिथे तारेचं कुंपण घातलं. वस्तीच्या वतीने तहसीलला पुन्हा अर्ज दिला. साहेब म्हणाले, "बघू."

९ मार्च
वस्तीतल्या काशीमावशी गेल्या. पहाटे त्यांच्या मुलाचा, नागेशचा फोन. "ताई, आज तार तोडनार. कुनाचं ऐकनार न्हाय."
म्हटलं, मी येईस्तोवर थांब.
तिरडी कुंपणापाशी ठेवून भोवती बसलो. पलीकडे मल्लिनाथची माणसं, काठ्या घेऊन. एकाने नागेशच्या खांद्यावर काठी घातली. तो उठला, मागची पोरंही उठली. मी त्याचा हात धरला. "बस. आईसमोर नको." बसला. बायकांनी मावशींवर लुगडं धरलं, ऊन लागू नये म्हणून.
दुपार कलल्यावर तहसीलदार पोलीस घेऊन आले. तार सोडवली, आजच्यापुरती.

१० मार्च
पेपरात बातमी, अंत्यविधी शांततेत पार पडला. सोलापुरातून अभिनंदनाचे फोन. फोन बंद करून ठेवला.

११ मार्च
राख सावडायला गेलो तर तार परत लावलेली. ओढ्यातून, काट्यातून गेलो. नागेशचा खांदा काळानिळा.
"तुमी म्हनलात म्हनून बसलो, ताई. आई उन्हात पडली हुती आन् मी नुसता बसून."
तो भांडला असता तर बरं झालं असतं. एवढंच बोलला.

१७ मार्च
वस्तीत बैठक. रविवारी सगळ्यांनी कुंपणापाशी बसायचं, वाट सुटेपर्यंत. नागेश आला नाही. त्याचे वडील, लक्ष्मणमामा, आले.
"आता म्होरली पाळी माजी. तवा मला बी कुंपनापाशीच ठेवून बसनार का?"
म्हटलं, "मामा, त्याआधी वाट मोकळी करू." बोलून गेले. कशाच्या जोरावर, माहीत नाही.

१९ मार्च, शनिवार
मल्लिनाथनेही माणसं बोलावलीत म्हणे.
संध्याकाळी नागेशचा फोन. "उद्या येतो. पर पुन्ना काटी पडली तर गप बसीन, आसं सांगत न्हाय."
त्याला येऊ नको म्हणणं शहाणपणाचं होतं.
"ये," म्हटलं. "माझ्या शेजारी बस."