वहिनीची रक्तदाबाची गोळी

दादा,

वहिनीला घेऊन माझ्या दवाखान्यात जाते आहे. फोन मुद्दाम केला नाही. नको ते बोलून बसले असते.

मी लिहून दिलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या डब्यातून काढून घेतल्यात. पुन्हा आणून देऊ नकोस. पोटातल्या बाळाला ही गोळी चालत नाही, त्याच्या किडनीला धोका असतो. हो, मला कळलं. सकाळी तिला मळमळत होतं, मी काय होतंय विचारलं, तर ती रडायलाच लागली. दिवस अगदी थोडे गेलेत. आजच गोळी बदलली की बहुतेक निभावेल.

ही गोळी देण्याआधी मी प्रत्येक बाईला विचारते, बाळाचा विचार आहे का? तेही नवऱ्याला बाहेर बसवून. आपलंच घर म्हणून वहिनीला तुझ्यासमोर विचारलं. ती तुझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि तूच हसून म्हणालास, "छे गं, एवढ्यात कुठे!"

तेव्हा तुमचे प्रयत्न चालू होते. मागचं बाळ गेलं तेव्हा जगाने चौकशा करून जीव नकोसा केला, म्हणून या वेळी कुणालाच सांगायचं नाही, असं तू ठरवलंस म्हणे. जगाला नसतं सांगितलंस तर चाललं असतं रे. मी जग होते का? तुझ्या शब्दावर मी ते औषध लिहिलं.

जेवण झाकून ठेवलंय. यायचं तर ये. पण आज तिला आत एकटीला घेणार आहे. तू बाहेरच्या बाकावर बस.