गढीच्या कोपऱ्यातली सावली

९ सप्टेंबर

एक खिळा! एका खिळ्यानं सरकार बुडणार आहे का? कांद्याची माळ अडकवायला चौकटीत खिळा मारला, तर कचेरीतला तो टायवाला म्हणतो — बाई, ही संरक्षित वास्तू आहे. आणि मी? मी काय रस्त्यावर पडलेय? छत गळतं तेव्हा यांच्यातलं कुणी फिरकत नाही. ईस्टरच्या आधीचा दरवर्षीचा चुनाही लावायचा नाही म्हणे. सासूनं लावला, तिच्या सासूनं लावला, तेव्हा गढी पडली नाही. आता ब्रशाला परवानगी लागते. नवरा गेल्यापासून खालच्या दोन खोल्यांत एकटीच राहते मी, किल्ली माझ्याकडे, तिन्ही मजले झाडते मी. पण खिळा यांचा!

जाता जाता म्हणाला, नदीकडच्या कोपऱ्याची भेग हिवाळ्याआधी थांबली नाही तर गढीला कुलूप. मला शहरात फ्लॅट. चौथ्या मजल्यावर. कोंबड्या काय न्हाणीघरात ठेवू?

१२ सप्टेंबर

कचेरीनं बुखारेस्टहून एक पोरगी पाठवली. इलिंका नाव. आर्किटेक्ट आहे. काडीसारखी, पण जेवते चांगली. भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवली — भिंत हलली की काच तडकणार. हुशारी आहे. मी सकाळपासून चारदा बघून आले.

जिन्यातल्या कोनाड्यापाशी थांबली. "मावशी, इथे चीज?"

"गार राहतं."

"अहो, हे बंदुकीचं भोक आहे! आत रुंद, बाहेर अरुंद. डॅन्यूब ओलांडून लुटारू यायचे ना, त्यांच्यावर इथून नेम धरायचे."

लग्न होऊन आले तेव्हापासून त्यात चीज ठेवतेय. सासू तर म्हणायची, ती जागा चीजसाठीच केलीय!

१५ सप्टेंबर

आता मला चैनच पडत नाही. काम सोडून तिच्या मागे फिरते. खालच्या मजल्याला खिडकी का नाही? तर शत्रूला आत शिरता येऊ नये म्हणून. दाराशेजारी भिंतीत लांब पोकळी आहे, मी त्यात झाडू ठेवते. तर तिथून ओकाचा अडसर सरकायचा! आणि सगळ्यात वर कमानींचा सज्जा, नक्षीचे खांब. खाली बंदुका, वर बसून कॉफी. त्या काळची जमीनदारीण बाई मोठ्या धीराची असणार. की बिनडोक? इलिंका म्हणाली, दोन्ही असेल. हसलो.

सामुदायिक शेती होती तेव्हा त्या सज्ज्यावर मका वाळत घालायचे. ते मी पाहिलंय. ते पण तिनं लिहून घेतलं. मक्याचाही इतिहास होतो तर!

१९ सप्टेंबर

गवंडी आला. दुसरा कोण, पिर्वूच. जुन्या चुन्याचं काम या खोऱ्यात आता तोच करतो. बायको गेल्यापासून आणखीनच वाळलाय, आधीच ताडासारखा. दारातूनच ओरडला, "काय जमीनदारीण बाई, तोफा चढवल्या का?"

"तुझ्यासाठी लाटणं पुरे."

"तुला शहरात नेलं तर भांडशील कुणाशी गं? लिफ्टशी?"

मिरच्या भाजत होते, चिमटा हातातच होता. थोडक्यात वाचला.

२३ सप्टेंबर

काय सापडलं! कोपऱ्याच्या पायथ्याचे दगड पिर्वूनं काढले. आत मातीनं लिंपलेली पोकळी. त्यात एक बोरू, नदीकाठच्या वेताची लांब कांडी. दोन्ही टोकं मेणानं बंद, एक खाच. पिर्वूनं टोपी काढली आणि क्रूस केला.

मी ओळखलं. ऐकून होते, बघितलं नव्हतं. कुणाची तरी सावली मापून त्या मापाचा बोरू भिंतीत घातलेला. माणूस नुसता रस्त्यानं चाललेला असतो, त्याला पत्ताही नसतो. वर्ष पुरं व्हायच्या आत तो जातो, आणि मग घर राखतो. घर हलत नाही.

कोण असेल? बोरू माझ्या कमरेएवढाही नाही. पोर होतं का? इलिंका म्हणाली, सांगता येत नाही, भर दुपारी उंच माणसाचीही सावली एवढीशी पडते. मला वाटतं, दूध घालायला आलेली बाई असेल. दूध घातलं, वळली, गेली. आणि इतकी वर्षं मी तिच्या अंगावर चुना लावत होते.

२४ सप्टेंबर

बोरू कचेरीनं नेला. पेटीत, कापसात घालून.

पिर्वूनं थापी खाली ठेवली. "काढलंत ते परत द्या, नाही तर दुसरं द्या. रिकाम्या पोटी भिंत उभी राहत नाही."

टायवाला फोनवर म्हणाला, ही अंधश्रद्धा आहे. पिर्वू म्हणाला, असेल, मग तुम्ही या आणि लिंपा.

३० सप्टेंबर

काच तडकली! आधी मीच पाहिली. केसाएवढी रेघ, इकडून तिकडे. पिर्वू घरी बसलाय. दुसरा गवंडी मिळत नाही. टायवाल्यानं फ्लॅटची किल्ली पाठवून दिली. मी ती कोंबड्यांच्या खुराड्यात टाकली.

४ ऑक्टोबर

या पोरीला अक्कल नाही! शिकलीय एवढी आणि अक्कल नाही!

पिर्वूला बोलावलं, गळ्यातल्या लाल मफलरचा दोरा उसवला, आणि भर अंगणात उन्हात उभी राहिली. "घ्या काका, माझी सावली घ्या. पण भिंत बांधा. मावशींना घालवू नका." वर हसतेय!

मी धावले. "अगं, तुझी आई कुठे वाट बघतेय ते तरी आठव!"

"मावशी, तुमचा खरंच विश्वास आहे?"

काय सांगू? मांजर आडवं गेलं तर मी थुंकते आणि पुढे जाते. विश्वास म्हणजे काय ते मला माहीत नाही. पण माझ्या घरासाठी लेकरानं उन्हात उभं राहायचं, हे नको.

पिर्वूनं तिच्या हातातून दोरा घेतला. खाली बसला, तिच्या टाचेपासून सावलीच्या डोक्यापर्यंत दोरा धरला, गाठ मारली, खिशात घातला. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

७ ऑक्टोबर

कोपरा भरला. दगड बसले, चुना ओला आहे. पिर्वूशी बोलत नाही. जेवण ठेवते आणि वळते. ताटात मक्याच्या पिठाची मामालिगा तशीच राहते, नुसतं ताक पितो. इलिंका शिट्टी वाजवत सज्ज्याचे खांब मोजते. तिला जरा खोकला आला तरी मी मध घेऊन धावते.

भिंत सरळ आहे का ते बघायच्या पिर्वूच्या ओळंब्याला नवी पांढरी दोरी दिसली. जुनी काळी तेलकट होती, त्याच्या बापाच्या वेळची, कुणाला हात लावू द्यायचा नाही. न राहवून विचारलं. म्हणाला, तुटली.

तुटली म्हणे! ती दोरी बैलानं ओढली तरी तुटली नसती.

११ ऑक्टोबर

नवी काच शाबूत आहे. भिंत थांबली. टायवाल्याचा फोन — अभिनंदन, तुम्ही राहू शकता. मी फोन आपटला.

राहू शकते. त्या पोरीच्या जिवावर! उद्या रविवार, सगळे चर्चला जातील. मी जाणार नाही. चुना अजून कच्चा आहे. दोरा काढणार. पडली गढी तर पडू दे, जाईन चौथ्या मजल्यावर.

१२ ऑक्टोबर

घंटा वाजली तशी मी डाव आणि पहार घेऊन बसले. नखं गेली. खालचा लहान दगड हलला, आत हात घातला.

लाल दोरा नाही.

काळी दोरी. तेलकट, खडूची भुकटी लागलेली. ओढत गेले, संपेचना. एवढी लांब सावली संध्याकाळचीच असणार, आणि ताडासारख्या माणसाची. टोकाला गाठ.

तिथेच चिखलात बसून राहिले. मग मान वर केली तर समोर बिहीचं झाड. लाल दोरा वरच्या फांदीला बांधलेला, वाऱ्यावर हलतोय. तिथवर दुसऱ्या कुणाचा हात पोचतो?

दगड परत लावला. आत काही न ठेवता.

१३ ऑक्टोबर

काळी दोरी एप्रनच्या खिशात घेऊन गेले पिर्वूच्या फाटकाशी. कुत्रा भुंकला. तो बाहेर आला, दोरी पाहिली, पांढरा पडला. "अगं ठेव परत! गढी पडेल!"

"पडू दे. का केलंस?"

बुटांकडे बघत राहिला. एवढा वटवट्या माणूस, आणि तोंड उघडेना!

म्हटलं, संत दुमित्रूच्या सणाला घरगडी, मेंढपाळ सगळ्यांचे करार संपतात, नवे होतात. तुलाही तेवढीच मुदत. सव्वीस तारखेला दाढी करून गढीवर ये आणि का केलंस ते माझ्या तोंडावर सांग.