दगडावरची हजेरी

प्रिय लबाड नातवा,

अक्षर बघून दचकू नकोस. तुझी आजी या वयात लिहायला शिकलेली नाही. हे वळणदार अक्षर तुझ्या शाळेच्या बाईंचं आहे. त्या माझ्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून लिहिताहेत आणि मी बटाटे सोलत बोलतेय. अट एकच घातलीय, मी बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं, माझी भाषा सुधारायची नाही. त्यांनी मान डोलावली, पण जन्मभर लाल शाईने दुसऱ्यांचं खोडत आलेली बाई, भरवसा काय? बाई, हेही लिहा. तू म्हणशील, फोन असताना म्हातारीने कागद कशाला नासला? अरे, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. आधी हसतोस, मग फोन तोंडापासून लांब धरतोस, मग रेंज नाही म्हणून ठेवून देतोस. कागदाला रेंज लागत नाही.

परवा शाळेचा वाढदिवस झाला. मांडव, खुर्च्या, मोठा साहेब, सगळा थाट. मला पहिल्या रांगेत बसवलं आणि गळ्यात हार घातला. भाषणांचा सूर एकच, बाहेरून आलेल्या खाणकामगारांनी ही शाळा बांधली आणि त्यांच्याच पोरांनी ती जगवली. खोटं नाही ते. इथल्या लोकांनी आपापली पोरं बसमध्ये घालून लांबच्या शाळांत धाडली, तेव्हा बाकं भरली ती आपल्या वस्तीतल्या शेंबड्यांनी. नाहीतर दाराला कधीच कुलूप लागलं असतं. पण ज्या साहेबाने हे ठासून सांगितलं, त्याच्याच बापाने तुझ्या बापाला लहानपणी शाळेच्या नळावरून हुसकून लावलं होतं, खाणवाल्यांनी इथे पाणी प्यायचं नाही म्हणून. मी नुसता हार सारखा केला. गळ्यात हार असला की भांडता येत नाही, त्यासाठीच घालतात वाटतं.

त्या नळाच्या भांडणानंतर बाईच उठून आपल्याकडे आल्या होत्या. तेव्हा त्या काडीसारख्या होत्या, आता कशा दिसतात ते लिहायला लावलं तर रागावतील. खाणीच्या कडेला पत्र्याखाली त्यांनी फळा टांगला. सुरुंगाचा भोंगा झाला की पोरांना घेऊन आडोशाला पळायच्या, धूळ खाली बसली की परत पाढे. तुझा बाप तिथेच पाढे शिकला. पण मिसरूड फुटायच्या आत त्याने बापाची छिन्नी उचलली, कारण तोवर तुझ्या आजोबांना ती उचलवत नव्हती.

हार घालून झाल्यावर बाईंनी मला भिंतीपाशी नेलं. शाळेचा दगड आपल्याच माणसांनी घडवलेला. तुला माहीतच आहे, कुणाचा दगड कोणता हे मुकादमाला कळावं म्हणून जो तो कोपऱ्यात छिन्नीने आपली खूण मारायचा. बाईंनी पोरांकडून त्या सगळ्या खुणांत खडू भरून घेतला होता. काळ्या भिंतीवर पांढऱ्या खुणाच खुणा! म्हणाल्या, आजी, आता सांगा कोण कुठे आहे. अक्षर मला ओळखत नाही, पण ही मंडळी ओळखतात. कोंबडीचा पाय, ते तुझे आजोबा. बायको कोंबडीसारखी कलकल करते म्हणून हीच खूण घेतली, असं मुकादमाला हसत सांगायचे. उलटी छत्री म्हणजे आपला शेजारी, दारू प्यायला की शिट्टीवर गाणी म्हणणारा. अर्धा चंद्र तुझा बाप, नंतर वाढवलेल्या खोलीच्या भिंतीत. मी एकेक नाव घेत गेले, लोक टाळ्या वाजवत गेले, आणि मध्येच माझ्या ध्यानात आलं की शाळेचं तोंड न पाहिलेली मी शाळेत उभी राहून हजेरी घेतेय, आणि हजर म्हणायला एकही जण नाही. एकाचेही केस पिकले नव्हते रे. सगळ्यांना त्या धुळीनेच नेलं. आधी खोकला, मग चढण चढवत नाही, मग आडवं होता येत नाही. तुझा बाप शेवटी बसूनच झोपायचा. तू त्याच्या पाठीला पाठ लावून अभ्यास करायचास, त्याला टेकू मिळावा म्हणून. पान उलटतानाही हलायचा नाहीस.

शेवटी बाईंनी माईकवर तुझं नाव घेतलं. याच शाळेचा विद्यार्थी, खाणकामगाराचा मुलगा, आज शहरात गार हवेच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसतो. केवढ्या टाळ्या! मीही वाजवल्या. सगळ्यांत जोरात वाजवल्या.

आता ऐक. मागच्या खेपेला आलास तेव्हा बॅगेला हात लावू देत नव्हतास. कपडे राहू दे, माझे मी धुतो, म्हणालास. जन्मात स्वतःचा रुमाल न धुतलेला माणूस! तू अंघोळीला गेलास आणि मी ते बादलीत टाकले. पाणी दुधासारखं पांढरं झालं. ऑफिसातली धूळ कशी असते मला ठाऊक नाही, पण ही धूळ मी तुझ्या आजोबांच्या कपड्यांतून काढलीय, तुझ्या बापाच्या कपड्यांतून काढलीय. बाई, थांबू नका, लिहा. बाईंचा पेन थांबलाय. त्यांना हे आत्ताच कळतंय. वर एक डाग पडलाय, तो शाईचा आहे असं त्या म्हणतात.

ऑफिस होतं आणि सुटलं, की कधी नव्हतंच, ते मी विचारणार नाही. लोकांच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यांचे दगड कापत असशील, दुसरं काय. छिन्नी नाही, मशीन आहे, म्हणजे धूळ आणखी बारीक. म्हणून हे पत्र. आधी दवाखान्यात जाऊन छातीचा फोटो काढ. तो कसाही येवो, घेऊन घरी ये. वस्तीत नवी माणसं आलीत, आपण जिथून आलो तिकडचीच. त्यांची पोरं वर्गात मुकी बसतात. त्यांची बोली येणारा कुणीतरी बाईंना शाळेत हवाय, आणि माझ्या कृपेने तुला ती येते. पगार ऐकून हसशील. हस, पण खोकू नकोस. भिंतीवर सगळ्यांच्या खुणा आहेत, तुझी नाही. आपल्या घरात सही करणारा तू पहिला. तुझं नाव मला भिंतीपुढे उभं राहून घ्यायचं नाही. मी दारातून हाक मारीन, तू फाटक उघडत तोंडाने हजर म्हण. दम लागला तर सावकाश म्हण, मी थांबेन.

तुझीच,
अंगठेबहाद्दर आजी