वीस आणि सत्तर

प्रिय दादा,

पत्र बघून हसशील. फोन करायची हिंमत होईना, म्हणून लिहायलोय. सध्या पाथरीत योगीराजच्या जीपवर आहे, मागं लटकून गावांची नावं ओरडायचं काम. तिचा हॉर्न आपल्या लंगड्या म्हशीसारखा रेकतो. ती व्याली का? असो, लिहायचं दुसरंच होतं.

पेडगावच्या रानाच्या वाटणीचा दिवस डोक्यातून जाईना. तू विहिरीवरच्या मोटारीच्या खांबाला टेप अडकवलास, खांब शून्य धरलास आणि रस्त्याच्या कडेनं मोजत चुन्यानं दगडांवर आकडे घातलेस. मावळतीला माझ्या टोकाच्या दगडावर तीस. उगवतीला आपल्या दोघांमधल्या दगडावर वीस, आणि पार पुढं तुझ्या टोकावर सत्तर. मी खांबामागं वळून बघितलंच नाही. वीस बघितले, सत्तर बघितले आणि पंचांसमोर ओरडलो, "मला वीस मीटर अन् तुला सत्तर? भाऊ हायस का दलाल?"

तू टेप गुंडाळायला लागलास. तुझी सृष्टी मात्र काडीनं मातीत रेघ ओढून म्हणाली, "काका, दगडावरचा आकडा म्हंजे जागा झाली, लांबी न्हाई. दोन टोकांमधलं अंतर बघा की." नववीतली पोर ती. मी म्हणालो, "बापाचीच बाजू घेणार तू!" तिनं काडी टाकून दिली. मी पिशवी उचलली आणि निघालो.

परवा 'पाथरी १२' लिहिलेल्या दगडापाशी चतुराबाई नावाची म्हातारी जीपमध्ये बसली, 'पाथरी ८'ला उतरली. मी आठ किलोमीटरचं भाडं मागितलं. ती म्हणाली, "आरं बाबा, दगड काय वाचायलास? मी बसले कुटं, उतरले कुटं, ते बघ! चार किलोमीटर नेलंस अन् आठाचं मागायलास!" सगळी जीप हसली. योगीराज तर लय हसला. मला ती मातीतली रेघ दिसली.

मग जीपच्या धुळकट काचेवर बोटानं मीच रेघ ओढली. माझं रान खांबाच्या अलीकडं तीस, पलीकडं वीस, म्हणजे पन्नास. तुझं विसापासून सत्तरपर्यंत, तेही पन्नास. काच पुसली, पुन्हा काढली. दोन्ही तुकडे सारखेच.

आणि काल राजेश्री वहिनीचा फोन. "भाऊजी, ह्यांनी मधला दगड उपटून पस्तिसावर रोवलाय. आदिनाथचं मन मोडायला नको, म्हणले." दादा, आता मला पासष्ट आणि तुला पस्तीस. तुला माहीत होतं मी चुकलोय, तरी तू स्वतःचं रान दिलंस. त्या तुकड्यात मी पाय ठेवणार नाही. रविवारी येतोय. ज्यांच्यासमोर ओरडलो, त्या पंचांनाही बोलव. दगड मी उपटीन, मीच परत विसावर रोवीन. टेपचं टोक मी धरतो, आकडा सृष्टीनं वाचायचा. ती माझ्याशी बोलेल का, तेवढं विचारून ठेव.

तुझाच, मान खाली घालून येणारा,
आदिनाथ