हलका स्टॅण्ड

बाबा, आज मी नवा स्टॅण्ड घ्यायला नागपूरला गेले होते आणि न घेताच परत आले. दुकानात त्याला ट्रायपॉड म्हणावं लागतं, स्टॅण्ड म्हटलं की माणूस मोबाइलचा काढून दाखवतो. त्यानं माझ्यासमोर सहा मांडले. त्यातला एक तर असा, की तिन्ही पाय उलटे दुमडले की छत्रीएवढा होतो आणि काखेत धरला तर कळतही नाही. 'मॅडम, प्रवासाला यापेक्षा हलका मिळणार नाही,' तो म्हणाला. मी माझा कॅमेरा त्यावर चढवला, कॅमेरा धरते ती मान आवळली, पडद्यात समोरच्या कपाटाची वरची कड धरली आणि काउंटरला टेकून उभी राहिले. पाच मिनिटं झाली. 'काय पाहताय मॅडम?' त्यानं विचारलं. मी म्हटलं, 'काही नाही, थांबा जरा.' दहा मिनिटं झाली. कड जागची हलली नव्हती. चांगला होता हो स्टॅण्ड, त्यात काही खोट नव्हती. मलाच तिथं उभं राहवेना. कॅमेरा उतरवून पिशवीत घातला आणि सरळ बसस्थानक गाठलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, एक ओळ लिहिली नाही कधी, आणि लिहायला बसले तर ही स्टॅण्डची कथा.

तुमचा तो लोखंडी स्टॅण्ड माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्याचे पाय मारेगावच्या वेल्डरकडून दोनदा डागून आणलेले. लग्नाच्या शूटिंगला मांडवात तो एकदा रोवला की वऱ्हाडी त्याला धडकायचे, बायका त्याला पदर अडकवून घ्यायच्या, पण कॅमेऱ्याची मान तसूभर हलायची नाही. तुमची एक रीत होती आणि मला तिचा भारी राग यायचा. फ्रेम लावायची, लॉक आवळायचं आणि चहा प्यायला निघून जायचं. नवरदेव बोहल्यावर उभा असला तरी तुमचा चहा चुकायचा नाही. कप ठेवून परत यायचं, पडद्याला डोळा लावायचा, आणि फेट्याचा तुरा जिथं सोडला होता तिथंच असला तरच कॅमेरा चालू. 'पाय कसेबी असो,' तुम्ही म्हणायचा, 'मान पाह्य त्याची. मान उतरली का सारं गेलं.' मी म्हणायची, 'बाबा, तोवर मंगलाष्टकं होऊन जातीन.' तुम्ही हसायचा आणि खर्रा तोंडात टाकायचा.

मग ती वर्षं आली. कापूस घरात आणि भाव कुठंच नाही. एकामागून एक लोक दारात येऊन उभे राहायचे आणि चपला न काढताच सांगायचे, 'यंदा शूटिंग राहू द्या भाऊ, घरच्या घरी उरकून राह्यलो.' जी लग्नं व्हायची त्यांत नवरीला सजवायला जागा नसायची, कारण समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला. तुम्हीच मला सांगितलं होतं, की कापसाच्या ढिगापुढं नवरीला उभी करू नको, पांढऱ्यापुढं तोंड काळं येतं. पण दुसरी भिंतच नसायची. मी तशाच नवऱ्या काढल्या. कितीतरी पोरींच्या कॅसेटमध्ये कापूस लख्ख दिसतो आणि त्या दिसत नाहीत. राळेगावला सामूहिक लग्नं लागायची, एका मांडवात ओळीनं जोडपी, आणि प्रत्येकाच्या घरच्यांना आपलंच जोडपं मधोमध हवं. तुमचा खांदा तोवर गेला होता, आवाज घोगरा झाला होता, आपली मोटारसायकल विकून झाली होती. मी एकटी एसटीनं हिंडायची. मुकुटबनच्या गाडीत लोखंडी स्टॅण्ड चढवताना कंडक्टर ओरडायचा, 'काय वं बाई, तोफ घेऊन चालली काय?' सगळी गाडी हसायची. मी बाहेर बघत बसायची आणि मनात शिव्या घालायची. कंडक्टरला नाही, तुम्हाला.

म्हणून मी तेव्हा एक हलका घेतला. दुकानदारानं सांगितलं, पाय चार घड्यांचे, सीटखाली जातो, एका हातानं उघडतो. मी तो खांद्याला लावून आरशात पाहिलं, हे आजवर कुणाला बोलले नाही. शहाणी दिसत होते, शहरातली. कॅमेरा चढवून पाहिला तेव्हाच तो अंगठाभर खाली झुकला. मी दुकानदाराकडं बघितलं. 'इतना तो सब में चलता है, दीदी,' तो म्हणाला. आणि मला ते पटलं, कारण मला पटवून घ्यायचंच होतं. घरी आले तेव्हा तुम्ही ओट्यावर होता. स्टॅण्ड हातात घेऊन वर-खाली केला आणि म्हणालात, 'हलका हाये. मान पाह्यली?' मी म्हटलं, 'पाह्यली ना बाबा. चहा पिऊन पाह्यली.' तुम्ही मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवायची तुम्हाला सवयच होती.

मान काही धरायची नाही त्याची. दर पाच-सात मिनिटांनी कॅमेरा झुकायचा. मी काय करायची सांगू? हॅण्डलला सुतळी बांधायची आणि ती मागच्या पायाला ओढून गाठ मारायची. मांडवात कुणाला काय कळतंय. घरी यायच्या आधी सुतळी सोडून पिशवीच्या कप्प्यात टाकायची, म्हणजे तुम्हाला दिसू नये. एवढंच. चोरी म्हणावी तर केवढीशी.

तुमच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तेव्हा आई महिनाभर रडली. मी तेवढी घाबरले नव्हते, कारण आपल्या दोघांना ओठ वाचता येत होते. आपल्या धंद्यानंच शिकवलं होतं ते. लग्नाच्या कॅसेटमधला आवाज आपण काढून टाकायचो आणि वर गाणी भरायचो. टीव्हीसमोर तासन्‌तास बसून माणसं नुसती तोंडं हलवताना पाहायची. 'हे पाह्य,' तुम्ही म्हणायचा, 'मामा म्हणून राह्यला, मले मानपानात टोपी काहून नाही भेटली.' मी हसून लोळायची. कुठली नवरी मैत्रिणीच्या कानात काय बोलली, कुठल्या बापानं मागं वळून काय म्हटलं, आपल्याला सगळं कळायचं आणि आपण ते त्या खोलीबाहेर नेत नव्हतो. त्यामुळं आवाज गेल्यावरही तुमचं बोलणं मला कळायचं. आईला तुम्ही पाटीवर लिहून द्यायचा, पाणी, पंखा, उशी. माझ्याशी मात्र ओठांनी बोलायचा.

त्या दुपारी तुम्ही माझ्यासाठीही पाटी घेतली. लिहिलं, 'कॅमेरा लाव. तू बाहेर जाय.' मी विचारलं, 'काहून बाबा? मले सांगा ना, मी वाचतो.' तुम्ही पुसून पुन्हा लिहिलं, 'समोर नाही जमत. मंग वाचजो.' तुमची दाढी करून दिली, इस्त्रीचा सदरा घातला, गळ्यात श्वासासाठी ठेवलेल्या भोकावरची जाळी बदलली. मी हलका स्टॅण्ड खाटेसमोर मांडला. तुम्ही बोटानं मागच्या अंगणाकडं दाखवलं आणि हातांनी मोठा आकार केला. लोखंडी. तो पराटीच्या वाळक्या काड्यांच्या ढिगाखाली पडला होता, सरपण उपसून काढायला फार तर पंधरा मिनिटं लागली असती. मी म्हटलं, 'कायले बाबा, हा चांगला हाये.' फ्रेम लावली. सुतळी पिशवीत होती, पिशवी खुंटीला होती, खुंटी माझ्या हाताला लागत होती. तुम्ही माझ्याकडं पाहत होता. तुमच्यादेखत सुतळी बांधायची म्हणजे सगळंच उघडं पडलं असतं. मी लॉक जोरात आवळलं, जरा जास्तच जोरात, तुम्हाला दिसावं म्हणून, आणि दार ओढून बाहेर गेले.

ओट्यावर आई तूर निवडत होती. मीही बसले. आतून काहीच ऐकू येत नव्हतं, येणारच नव्हतं. तरी आई कान देऊन होती. मी मनात म्हणत होते, आज धरेल. आज एक दिवस धरेल. पाऊण तासानं तुम्ही खाटेच्या लोखंडावर पेला वाजवलात. मी आत आले तेव्हा तुम्ही घामानं भिजला होता आणि तुमचा चेहरा इतका मोकळा झाला होता, की तसा मी माझ्या लहानपणीसुद्धा पाहिला नव्हता. कॅमेऱ्याचा पडदा माझ्या बाजूला होता. त्यात घोंगडीची निळी किनार होती. दुसरं काही नव्हतं.

ती कॅसेट मी कितीदा पाहिली त्याची मोजदाद नाही. तुम्ही लोकांना बजावायचा तसं स्वतःही लेन्सकडं न बघता खिडकीकडं पाहत बोलता, म्हणून तुम्हालाही कळलं नाही. सुरुवातीला चेहरा आहे. तुम्ही म्हणता, 'बाई, तुले एक सांगाचं राह्यलं.' मग सावकाश पेलाभर पाणी पिता. मग, 'तुह्या आईले बी माहीत नाही.' तोवर वरून कपाळ कापलं जातंय, खालून उशी वर सरकतेय, चित्र उतरतंच आहे. 'तू लहान होती तवा,' इतकं म्हणता आणि पुढचा शब्द निम्मा येतो. खालचा ओठ दिसतो, वरचा नाही. एका ओठावरून काही वाचता येत नाही हो बाबा. मग हनुवटी, जाळी, सदऱ्याची गुंडी, आणि मग घोंगडी. घोंगडीवर तीनदा तुमचे हात येतात. एकदा तळवा उघडा. एकदा मूठ छातीकडं जाताना. शेवटी दोन्ही हात जोडलेले, आणि ते खूप वेळ तसेच आहेत.

तुम्ही हात कुणाला जोडले होते? मला? मी काय क्षमा करायची होती? की काही सांभाळायचं होतं, कुणाला शोधायचं होतं, कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं होतं? असं कुणी असेल तर ते अजून वाट पाहत असेल किंवा मरून गेलं असेल. काही करायला सांगितलं असेल तर ते झालेलं नाही. रागावला असाल तर तो राग मला लागला नाही, आणि माया केली असेल तर तीही पोचली नाही.

हे इतकंच असतं तर मी त्याला नशीब म्हटलं असतं आणि गप्प बसले असते. पण तुम्ही त्या संध्याकाळी पाटीवर लिहिलं, 'आलं?' मी म्हटलं, 'आलं बाबा. सगळं आलं.' दोन दिवसांनी लिहिलं, 'वाचलं?' मी म्हटलं, 'हो.' तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत राहिलात. मी म्हटलं, 'तुमी काही मनात ठेवू नका.' तुम्ही माझा हात ओढून डोळ्यांवर ठेवला आणि रडलात. तुम्ही त्यानंतर नऊ दिवस होता, बाबा. पूर्ण शुद्धीत होता. पेला हातात धरून पाणी पीत होता. नऊ दिवसांत कुठल्याही दुपारी मी म्हणू शकले असते, की घोटाळा झाला, पुन्हा सांगा. तुम्ही सांगितलंही असतं. उलट तुम्ही अधूनमधून माझ्याकडं असं पाहायचा, जसं आता आपल्या दोघांत काही आहे, आणि मीही तसंच पाहायची. तुम्ही शांतपणे गेलात असं सगळे म्हणतात. ती शांतता खोटी होती आणि ती मी दिली होती.

तेराव्यानंतर आईनं विचारलं, 'काय बोलले वं ते? मले काही म्हणे काय?' मी म्हटलं, 'म्हणाले, तुह्या आईनं लय केलं माह्यं.' ती त्या वाक्यावर उरलेलं आयुष्य जगली. शेजारणींना सांगायची. मी प्रत्येक वेळी तिथून उठून जायची.

हे पत्र लिहून झाल्यावर कुठं ठेवायचं तेही मला ठाऊक नाही. लोकांना सांगायला मी कारणं जमवून ठेवली होती, की तुम्हाला त्रास नको, तुमचा जीव थकला होता, पुन्हा बोलायला लावणं बरं नव्हतं. ती सगळी मागाहून सुचलेली. खरं कारण लहान आहे, लिहायलाही लाज वाटावी इतकं. मला फक्त 'तुले सांगतलं होतं ना' हे तुमच्याकडून ऐकायचं नव्हतं. आणि तुम्हाला तर आवाजच नव्हता.